संध्याकाळच्या उजेडाची बाहुली

रविवार, ९ मार्च, दुपार

प्रिय किड्या,

अनेक आशीर्वाद. तुझे केस पिकायला लागले तरी मी तुला किड्याच म्हणणार आणि आशीर्वादच देणार. काडेपेटीत भुंगे भरून ती माझ्या उशीखाली ठेवणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणायचं? तब्येत कशी आहे? तुझ्या गोगलगाई काय म्हणतात? त्यांच्या डोळ्यांचे फोटो नीट येत नाहीत म्हणून मागच्या फोनवर कुरकुरत होतास. आता आले का?

इकडे वर्कशॉपमधल्या मोठ्या खिडकीची काच शेवटी बदलून घेतली. आता रंग कालवताना डोळे बारीक करावे लागत नाहीत. पॉलिशचं जुनं मशीन अजून चालतंय, म्हणजे त्याच्या आवाजाने वैतागून शेजारीण अजून भिंत बडवतेय. तुझ्या भाऊजींचा खोकला गेला. बोलणं मात्र तसंच आहे.

बाबा बरे आहेत. खरंच बरे आहेत.

आता तू चष्मा कपाळावर सरकवून हे वाक्य पुन्हा वाचणार, कारण मी कधी ‘खरंच’ लिहीत नाही. म्हणून सरळ सांगते, आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय फोनला हात लावायचा नाही. फोनवर तू मध्येच प्रश्न विचारतोस, मी मध्येच रडते, आणि सांगायचं ते राहून जातं. तर ऐक. बाबांचा डावा डोळा काढावा लागला. आत, पडद्याच्या मागे, गाठ झाली होती. थंडी सुरू होताना ऑपरेशन झालं. जखम चांगली भरली. आणि गेल्या मंगळवारी सगळ्या तपासण्यांचे रिपोर्ट आले. गाठ कुठेही पसरलेली नाही. डॉक्टरीणबाईंनी स्वतः खुर्चीतून उठून बाबांचा हात हातात घेतला. अधूनमधून तपासायला जायचंय, पण काळजीचं काही नाही असं त्यांनी दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा मी त्यांना मुद्दाम सांगायला लावलं.

बाहेर आल्यावर मी पायऱ्यांवरच बसले. बाबा म्हणाले, “ऊठ, लोकांना वाटेल रिपोर्ट तुझा आहे.”

आता बाबा पुढच्या खोलीत भाऊजींशी वाद घालताहेत. मला इथे ऐकू येतंय. कान भरून ऐकतेय.

तुला कळवलं नाही, म्हणून तू चिडणार. खुशाल चीड. पण बाबांनी शपथ घातली होती. “त्याला दयेपोटी यायला लावू नकोस,” म्हणाले. मी त्यांची मुलगी आणि तुझी बहीण. तुम्ही दोघं बोलायचं सोडून बसलात तेव्हापासून मधल्यामध्ये माझी कुचंबणा चालू आहे. तू विचारायचास, “म्हातारा खोकतो का अजून?” ते विचारायचे, “जेवतो का वेळेवर?” आणि मी टपाल खात्यासारखी इकडचं तिकडे करायची. आता शपथ सुटली आहे. कशी सुटली, तेच सांगायला हे पत्र आहे.

त्यासाठी मला आधी ते जेवणाचं टेबल पुन्हा मांडावं लागेल. तुला नको वाटलं तरी.

गिऱ्हाइकाचा नवीन कृत्रिम डोळा घडवायला घेताना बाबा काय पुटपुटतात, ते तुला पाठच आहे. “तू घडवलंस. मी नक्कल करतोय. चूक झाली तर माझी.” आपण लहानपणी मातीचे बैल करतानासुद्धा हे म्हणायचो. त्यांची सगळी श्रद्धा त्या तीन वाक्यांत आहे. एखाद्याचा डोळा अपघातात गेलेला असतो, बाबा त्याला खिडकीसमोर बसवतात, त्याच्या चांगल्या डोळ्यातला रंगन् रंग उतरवून घेतात, पांढऱ्यावर लाल रेशमाचे धागे शिरांसारखे बसवतात, आणि मूळ घडवणाऱ्यापुढे मान झुकवतात. आणि तू त्या दिवशी काय म्हणालास? “बाबा, चूक मूळ प्रतीतच आहे.”

वर टेबलाच्या चादरीवर माझ्या पेन्सिलीने डोळा काढून दाखवलास. (तो डाग अजून गेलेला नाही.) पडदा उलटा बसवलाय. उजेड टिपणाऱ्या पेशी मागे, वायरी पुढे, आणि त्या वायरी बाहेर काढायला पडद्यालाच भोक. तुमच्या एखाद्या कारागिराने असं केलं असतं तर तुम्ही त्याला घरी पाठवलं असतंत. माझ्या गोगलगायीचा पडदासुद्धा सरळ आहे! हे सगळं हसत हसत, तोंडात घास असताना. बाबांचा चेहरा बघितला नाहीस. ते म्हणाले, “ज्याला घडवणाऱ्याचे उपकार दिसत नाहीत, त्याने माझ्या टेबलावर जेवू नये.” तू ताट तसंच ठेवून उठलास. तू काही कमी नाहीस, किड्या. दोघांच्याही नाकावर राग. आई असती तर दोघांचे कान धरून तिने पुन्हा बसवलं असतं. मला ते जमलं नाही.

असो. गाठ असल्याचं कळलं त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावलं आणि विचारलं, “काही शंका?” मला वाटलं बाबा विचारतील, मी वाचेन का. बाबांनी विचारलं, “काढलेला डोळा मला बघायला मिळेल का?”

बाई गोंधळल्या. त्यांना वाटलं म्हाताऱ्याला तो बरणीत घालून घरी न्यायचाय. बाबा म्हणाले, “जन्मभर बाहेरून नक्कल केली. आत काय आहे ते कधी पाहिलंच नाही. आता निदान स्वतःचा तरी.”

ऑपरेशन चालू असताना मी बाहेर बाकावर बसून प्रार्थना करत होते. काय मागितलं सांगू? हसशील. म्हटलं, देवा, बाईंना रात्री शांत झोप लागलेली असू दे, आणि त्यांची हत्यारं धारदार असू देत. मग माझं मलाच हसू आलं. शेजारच्या बाईने बघितलं. पण किड्या, मला तेव्हा फार मोकळं वाटलं. प्रार्थनाही तीच आणि अक्कलही तीच, माझ्या मनात ही दोन कधी भांडलीच नव्हती. तुम्ही दोघं भांडलात, म्हणून मला उगाच वाटायला लागलं होतं की कुणा एकाच्या बाजूला जाऊन बसावं लागणार.

थांब, चहा उतू चाललाय.

आले. बाबांनी विचारलं, “एवढं काय लिहितेयस?” म्हटलं, “पत्र.” “कुणाला?” “तुम्हाला माहीत आहे.” त्यावर माझ्या कपातला अर्धा चहा पिऊन गेले.

तर तो डोळा. जखम भरत आल्यावर आम्ही हॉस्पिटलच्या लॅबमध्ये गेलो. तिथली बाई तरुण, तुझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची. डब्यातलं जेवण अर्धवट ठेवून उठली. बाबांच्या डोळ्याचा पातळ काप काचेवर बसवलेला होता. तिने सूक्ष्मदर्शक लावून दिला आणि बाबा उजवा डोळा टेकवून बसले.

“हे इतके थर?” बाबांनी विचारलं.

“हा पडदा, आजोबा. उजेड या बाजूने येतो. आधी हे सगळे थर ओलांडतो. उजेड ओळखणाऱ्या पेशी या इथे, सगळ्यांच्या मागे.”

“मागे?”

“हो. पाठ करून उभ्या असल्यासारख्या.”

तिला काय माहीत ती काय बोलून गेली. तिने काच थोडी सरकवली. “आणि इथे बघा, इथे पडदा तुटतो. इथून सगळे तंतू गोळा होऊन बाहेर मेंदूकडे जातात. एवढ्या जागेत माणसाला काही दिसत नाही.”

“भोक,” बाबा म्हणाले.

“भोकच म्हणा की.”

मी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला भीती वाटली, किड्या. डोळा गेल्याची वाटली नव्हती एवढी. वाटलं, आता हा माणूस या स्टुलावरून उठेल तो वेगळाच असेल. जी तीन वाक्यं म्हणून त्याने आयुष्यभर काम केलं, ती त्याला पुन्हा म्हणता येणार नाहीत. आणि ती गेली तर त्याच्यापाशी काय उरणार होतं, एक डोळा आणि दोन हात? बाबांचा खांदा माझ्या हाताखाली अगदी स्थिर होता. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली. गालावर पाणी होतं.

“पोरी,” ते तिला म्हणाले, “पुन्हा एकदा दाखवशील? पहिल्यापासून. सावकाश.”

तिने दाखवलं. तिचं जेवण गार झालं आणि बाबांचे प्रश्न संपेनात. हा थर कशाचा, तो रंग मूळचा की तुम्ही लावलेला, सगळ्यांचं असंच असतं का. ती पण रंगात आली. निघताना बाबा म्हणाले, “काय सुरेख काम आहे!” आणि तिला वाटलं ते तिच्या कापाबद्दल बोलताहेत. तिने आभार मानले.

जिन्यात बाबा थांबले. “पोरगं खरं बोलत होतं,” म्हणाले. “मला वाटलं तो चूक काढतोय. तो बघत होता. मी न बघताच ओरडलो.”

मी घाबरत घाबरतच विचारलं, “मग देवाचं काय, बाबा?”

“त्याचं काय? कुणी आत डोकावलं म्हणून तो घाबरतो की काय?”

मग मला राहवलं नाही. तू एकदा फोनवर मला जे सांगितलं होतंस, ते मी सांगून टाकलं. की तू प्रार्थना सोडलेली नाहीस, फक्त आता ती डोळे उघडे ठेवून करतोस. तू हे आपल्यातच ठेवायला सांगितलं होतंस, माहीत आहे. पण त्या जिन्यात ते माझ्याच्याने पोटात राहीना. बाबा कठड्याला धरून उभे राहिले. “हे मला आधी का नाही सांगितलंस?”

“त्याने सांगू नको म्हटलं होतं. आणि तुम्ही विचारलं कुठे होतं?”

“गाढव,” बाबा म्हणाले. तुला, मला की स्वतःला, ते कळलं नाही. पण घरी येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

आता पुढची मजा ऐक. तेव्हापासून घरात प्रयोगशाळा झाली आहे. दोन डोळे असतात तेव्हा एकाचं भोक दुसरा झाकून घेतो, हे तू त्या जेवणाच्या वेळीच सांगितलं होतंस. बाबांचं झाकणारं कुणी उरलं नाही. “मला तर एक डोळा मिटायचीसुद्धा गरज नाही, आयती सोय झाली,” म्हणून त्यांनी भिंतीवर कागद टाचले, त्यावर फुली आणि ठिपका काढला आणि फुलीकडे टक लावून पुढे-मागे सरकत बसले. ठिपका नाहीसा झाला तेव्हा केवढ्याने ओरडले! मी हातातली वाटी टाकून धावले. मग त्यांनी एक रेघ काढली, मधला तुकडा पुसला, आणि ती तुटलेली जागा बरोबर त्या भोकावर आणली. तर त्यांना रेघ अखंड दिसली.

“अगं, हे कोण भरतंय?” ते मला विचारू लागले. “तिथे रेघच नाही! कुणीतरी रंगवून देतंय मला. माझ्याच डोक्यात आपल्या धंद्यातला माणूस बसलाय.”

त्यांना याचा इतका आनंद झालाय की विचारू नकोस. संध्याकाळी भाऊजी समोरच्या खुर्चीत बसून विम्याच्या योजना समजावतात, तेव्हा बाबा त्यांच्या शेजारच्या खुंटीकडे टक लावून बघतात आणि भाऊजींचं डोकं गायब करतात. धड बसलेलं, डोकं नाही, आवाज चालू. भाऊजींना वाटतं सासरे फार लक्ष देऊन ऐकताहेत. तू त्यांना सांगू नकोस.

परवा रस्त्यात डावीकडून येणारा सायकलवाला बाबांना दिसला नाही. थोडक्यात धक्का लागला. तो खेकसला, “डोळे फुटले का?” बाबा म्हणाले, “एकच.” बिचारा सायकलवरून उतरून त्यांना घरापर्यंत सोडायला आला.

तुझ्यासाठी त्यांचा एक प्रश्न आहे. शब्द न बदलता लिही म्हणाले, तर लिहिते: “गोगलगायीच्या पडद्याला असं भोक नाही, मग तिच्या डोक्यात हा रंगारी आहे का? की भोक होतं म्हणून आपल्याला तो मिळाला?” मला यातलं काही कळत नाही. पण दोन दिवस झाले, ते याच एका गोष्टीचा विचार करताहेत. मी विचारलं, “म्हणजे आता तुम्ही त्याच्या बाजूने?” तर म्हणाले, “बाजू कसली? त्याने घडवलं यात माझं काही हललेलं नाही. कसं घडवलं ते मला ठाऊक आहे असं वाटत होतं, तेवढं गेलं. बरं झालं गेलं. या वयात काहीतरी नवीन करायला मिळालं.”

आणि आता जे सांगायला मी सकाळपासून चाचपडतेय ते.

बाबांचा डोळा मीच केला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. साचा घेतला, बाबांना त्यांच्याच खिडकीसमोर, त्यांच्याच गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसवलं. उजव्या बुबुळात तळाशी एक हिरवट ठिपका आहे, तुझ्यातही आहे. जन्मभर बघतेय, पण रंगवायला घेतला तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला. सुरुवात करताना मी ती वाक्यं म्हणाले. “तू घडवलंस. मी नक्कल करतेय. चूक झाली तर माझी.” बाबा खुर्चीतून म्हणाले, “पुढेही म्हण.” “पुढे काय?” म्हणाले, “बाकी बरंच विचारायचंय.” आता आपल्या वर्कशॉपमध्ये चार वाक्यं म्हणतात.

डोळा बसवला आणि मला रडू फुटलं, इतका जुळला होता. भाऊजींना कुठला खरा ते ओळखता आलं नाही, आणि एका वाक्यानंतर ते गप्पही बसले.

पण संध्याकाळी दिवा लावायच्या आधी बाबा आरशासमोर उभे राहिले आणि मला हाक मारली. उजेड कमी झाल्यावर उजवी बाहुली मोठी झाली होती, माणसाची होते तशी. माझी केलेली डावी मात्र भर दुपारची, टाचणीच्या डोक्याएवढी. जणू बाबा एका डोळ्याने संध्याकाळ बघताहेत, दुसऱ्याने दुपार. बाबांनी विचारलं, “गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न कुठला?”

मी जीभ चावली. “दिवसातला जास्त वेळ कुठल्या उजेडात असता?” हा प्रश्न मी रस्त्यावरच्या कुठल्याही परक्याला विचारते, कारण केलेली बाहुली लहानमोठी होत नाही, एकच उजेड निवडावा लागतो. स्वतःच्या बापाला विचारला नाही. ते खिडकीपाशीच असतात, हे मी धरूनच चालले.

“विचारते आता,” मी म्हटलं. “कुठला उजेड, बाबा?”

ते आरशापासून दाराकडे वळले. मग म्हणाले, “हाच. संध्याकाळचा. दारातला.”

“दारातला? तुम्ही संध्याकाळी दारात कधी असता? मागच्या खोलीत पाय पसरून पेपर वाचत असता.”

“त्याची गाडी संध्याकाळीच येते ना?” बाबा म्हणाले.

किड्या, मी तो डोळा दुसऱ्यांदा केला. बाबांना खुर्ची टाकून दारात बसवलं, सूर्य पलीकडच्या घरांमागे गेल्यावर त्यांची उजवी बाहुली मापली, आणि डावी तेवढी रंगवली. ते रस्त्याकडे बघत बसले होते. मी हलू नका म्हटलं तर हलले नाहीत, पण कोपऱ्यावर कुणी वळलं की त्यांचा श्वास बदलायचा, तेवढ्यात बाहुलीही हलायची आणि मला पुन्हा मापायला लागायचं.

काल नवा डोळा बसवला. सकाळी खिडकीपाशी तो चुकीचा दिसतो, एक बाहुली बारीक आणि एक मोठी. भाऊजी म्हणालेच, “दिवसा जरा विचित्र दिसतंय.” बाबा म्हणाले, “दिवसा मला कोण बघायला येतंय?”

आपल्या धंद्यात इतकी वर्षं झाली, एकाच माणसाच्या नजरेसाठी केलेला डोळा मी दुसरा पाहिलेला नाही.

तेव्हा गोगलगायींना कुणाच्या तरी हवाली कर, त्यांच्या डोळ्यांचे फोटो बरोबर घे, नीट आले नसले तरी घे, आणि निघ. प्रश्नाचं उत्तर ठाऊक नसेल तर तसं सांग, त्यांना ते जास्त आवडेल. टेबलाची चादर मी तीच घालणार आहे, डागाची.

दुपारी पोचणारी गाडी पकडू नकोस. संध्याकाळी पोचणारीच पकड.

दिवा मी उशिरा लावेन.

तुझी,
ताई